छातीवर आलेलं पोट

आमच्या भागात बाईच्या सगळ्या अवयवांना नाव आहे, फक्त एकाला नाही. गुडघ्याला वाटी आहे, पोटाला बेंबी आहे. पण छातीवरच्या ऐवजाची वेळ आली की बाया 'ते', 'वरचं', 'हितलं' असं काहीतरी पुटपुटतात आणि पदराकडे बघतात. परभणीला सरकारी दवाखान्याच्या सर्जरी वॉर्डात मी नर्स होते. एक बाई माझ्यासमोर बसून कितीतरी वेळ 'तिथं दुखायलंय' एवढंच सांगत राहिली. मी तिचा गुडघा पाहिला, कंबर पाहिली, शेवटी वैतागून म्हटलं, बाई, एक तर नाव घ्या नाहीतर बोट दाखवा. तिनं बोट दाखवलं ते भिंतीवरच्या स्तनपानाच्या पोस्टरकडे.

निवृत्त झाल्यावर मी पालमला, माझ्या माहेरच्या गावी, दोन खोल्या बांधून राहिले. मनात होतं की सकाळी झाडांना पाणी घालावं आणि दुपारी मालिका बघाव्यात. पण सिस्टर आल्या हे गावाला कळलं आणि माझी निवृत्ती तिथंच संपली. आता मी घरोघर ड्रेसिंग करत फिरते. लोकांना ड्रेसिंग म्हणजे पट्टी बदलणं वाटतं. पट्टी कोणीही बदलेल. खरं काम बघण्याचं असतं. कातडी बोटानं दाबायची, पांढरी पडली की पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ घेते ते बघायचं. पालथा हात लावून ती गरम लागते का बघायचं. आणि वास घ्यायचा. पेशंटच्या नातेवाइकांना हा वास घेण्याचा भाग आवडत नाही, मला पण आवडत नाही, पण कुणीतरी घ्यायला पाहिजे.

हल्ली या कामात एक नवा प्रकार आला आहे. पूर्वी छातीचा कॅन्सर झाला की तो भाग काढायचा, टाके घालायचे आणि बाईला घरी पाठवायचं. जीव वाचला हेच खूप, असा सगळ्यांचा सूर असायचा. आता मोठ्या शहरांतले डॉक्टर काढतात तसं परत बसवूनही देतात. कुणाला सिलिकॉनची पिशवी घालतात, कुणाला पाठीचा तुकडा लावतात आणि कुणाला चक्क पोटाचा. बेंबीखालची कातडी आणि चरबी रक्ताच्या नळ्यांसकट उचलायची, वर नेऊन जोडायची आणि तिला नीट गोल आकार द्यायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टर माझी चेष्टा करतायत असं वाटलं. जन्मभर ज्या पोटाला शिव्या घातल्या ते असं मानाच्या जागी जाऊन बसेल, हे कोणत्या बाईच्या मनात आलं असेल?

ऑपरेशन शहरात होतं, भानगडी मात्र गावाला आल्यावर सुरू होतात. कुठे टाका उघडतो, कुठे आत पाणी साठतं, कुठे कडेला काळं पडतं. तिकडचे डॉक्टर फोनवर म्हणतात, फोटो पाठवा. फोटो काढायला नवरा मोबाइल धरतो आणि लाजून डोळे मिटतो, मग फोटोत पंखा येतो. जखमेतलं पाणी बाहेर यावं म्हणून एक नळी आणि तिच्या टोकाला छोटी बाटली लावून देतात. ती लोंबती बाटली ठेवायची कुठे हा बायांचा मोठा प्रश्न. पोखर्णीच्या एका बाईनं ती पानसुपारीच्या चंचीत घातली, चंची गळ्यात अडकवली आणि थेट शेजारच्या डोहाळजेवणाला गेली. तिथं एका पाहुणीनं मोठ्या आपुलकीनं सुपारीसाठी चंचीत हात घातला. त्या पाहुणीनं म्हणे तेव्हापासून सुपारी सोडली आहे.

येलदरीच्या धरणावर नोकरीला असलेले एक गृहस्थ बायकोच्या बाटलीची खबर मला रोज सकाळी फोनवर द्यायचे. आवक घटली, पाणी निवळ आहे, दरवाजे बंद करायचे का, असं विचारायचे. म्हणजे नळी काढायची का. मी म्हणायची, डॉक्टर सांगेपर्यंत विसर्ग चालू ठेवा. बोलायचे अगदी साहेबासारखे, पण फोन ठेवायला तयार नसायचे. मग मी उगीच धरणाची पातळी विचारायची, तेवढंच त्यांना बरं वाटायचं.

या पोटाच्या छातीच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली गमतीची आहे. चरबी वर नेली तरी तिचा स्वभाव पोटाचाच राहतो. बाई सुटली की ती बाजूही सुटते. दिवाळीनंतर मला हमखास घाबरलेले फोन येतात, सिस्टर, एकीकडचं वाढायलंय. मी विचारते, करंज्या किती खाल्ल्या? पलीकडून फोन बंद होतो.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. त्या कातडीच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे तिला काही कळत नाही. हात लावलेला कळत नाही, चिमटा कळत नाही. डॉक्टर हे सांगतात, कागदावर लिहूनही देतात, इंग्रजीत. पण घरी गेल्यावर शेक घेऊ नका, हे कुणी सांगत नाही. शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यातच येत नाही की कुणी शेक घेईल. आणि आमच्याकडे तर पाय मुरगळल्यापासून बाळंतपणापर्यंत शेकाशिवाय पान हलत नाही.

मीनाबाई पालमच्या शाळेत शिक्षिका. नवऱ्याचं बाजारात खत-बियाण्याचं दुकान, एक मुलगी बारावीत, एक परभणीला कॉलेजात. घरात सासू, गयाबाई. मीनाबाई त्यांना आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणतात. कॅन्सर निघाला तेव्हा मीनाबाईंनी सर्जनला स्वतः विचारलं, परत बसवता येतं ना, मग बसवा. 'या वयात कशाला ही हौस,' हे वाक्य पहिल्यांदा गयाबाईच बोलल्या. मीनाबाईंनी ऐकून घेतलं आणि पोट वर नेऊन आल्या. नंतर कडेचा एक टाका उघडला, तो मी भरून आणला. मग त्या शाळेत रुजू झाल्या, ताठ चालायला लागल्या, आणि मला वाटलं एक घर सुटलं.

वर्ष उलटून गेलं. दिवाळी तोंडावर आलेली. भर दुपारी गयाबाई माझ्या दारात उभ्या. डोक्यावर पदर, पायांत चपला नाहीत.

"शिस्टरबाई, घरी चला. सून भाजली."

मी विचारलं, गॅस का तेल? त्या नुसत्या पुढे चालायला लागल्या. मी पिशवी उचलली आणि मागे धावले.

मीनाबाई पलंगावर पदर लपेटून बसल्या होत्या. कुठे भाजलं विचारलं तर म्हणाल्या, 'तिथं.' मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? मास्तरीण असून? मग पदर बाजूला केला. त्या पोटाच्या कातडीवर मोठे फोड उठले होते, एक फुटला होता, आणि लालीला चक्क आकार होता. पसरलेल्या पंजासारखा. एरंडाच्या पानाचा.

झालं होतं असं. दोन-चार दिवसांपूर्वी अंघोळ करताना मीनाबाईंच्या हाताला त्या जागी गाठ लागली, सुपारीएवढी, टणक. त्या दिवसापासून त्यांना झोप नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पोरींना सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. सांगितलं फक्त सासूला. गयाबाईंनी बोटांनी चाचपून बघितलं आणि निकाल दिला की ही दुधाची गाठ. बाळंतिणीचं दूध छातीत गोठलं की अशी गाठ होते. एरंडाच्या पानाला तेल लावायचं, पान तव्यावर तापवायचं आणि गाठीवर ठेवायचं, की ती विरते. गल्लीतल्या कितीतरी बाळंतिणींच्या गाठी त्यांनी अशा विरवलेल्या आहेत आणि ते काही खोटं नाही. पण मीनाबाईंची धाकटी बारावीत होती, आणि ती छाती मुळात पोट होती. गयाबाई पोटाच्या चरबीला दुधाचं औषध करत होत्या.

शेकाची एक रीत असते. देणारीनं विचारत राहायचं आणि घेणारीनं सोसेनासं झालं की 'बस' म्हणायचं. सगळा कारभार त्या एका 'बस'वर चालतो. गयाबाई विचारत होत्या, लागायलंय का? मीनाबाई म्हणत होत्या, न्हाई. गयाबाईंना वाटलं पान निवलं असेल, त्यांनी दुसरं जास्त तापवलं. लागायलंय का? न्हाई. गाठ लय जुनी दिसते म्हणून त्यांनी वरून गरम मिठाची पुरचुंडी ठेवली. कातडी भाजत होती आणि दोघी एकमेकींना धीर देत बसल्या होत्या.

मी गयाबाईंना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्या भिंतीला टेकून खाली मान घालून उभ्या राहिल्या. एरवी त्या एका शब्दाला चार शब्द देणाऱ्या. मध्ये मीनाबाईच बोलल्या.

"त्यांना बोलू नका, सिस्टर. त्या दरवेळेला विचारायल्या होत्या. मलाच कळंना, तर काय सांगू?"

मी जखम धुतली, मलम लावलं, ओली जाळीची पट्टी ठेवली. शहरातल्या सर्जनना फोन केला, फोटो पाठवला. या वेळी मी काढलेला, पंखा न आलेला. त्यांनी औषधं सांगितली आणि म्हणाले, भाजलेलं भरेल, पण ती गाठ लगेच तपासून घ्या. परभणीला सोनोग्राफी होईल, सुईनं तुकडा काढून तपासणीही होईल, थांबू नका. मीनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "ते परत आलंय का?"

मी म्हटलं, "मला माहीत न्हाई. माझ्या बोटांना डोळे न्हाईत."

एवढी वर्षं या कामात काढली म्हणून पेशंटला वाटतं, सिस्टरला हात लावताच कळतं. काही कळत नाही. नेलेल्या चरबीतल्या एखाद्या कोपऱ्याला रक्त पुरलं नाही की ती चरबी मरते, सुकते आणि टणक गाठ होते. तिचा काही त्रास नसतो. आणि ज्याची भीती असते तीही गाठ टणकच असते. बोटाला दोन्ही सारख्या लागतात. फरक सुईला कळतो.

मीनाबाई म्हणाल्या, दिवाळी झाल्यावर बघू. मी म्हटलं, गाठीला सुट्ट्या नसतात. त्या म्हणाल्या, दिवाळी झाल्यावरच. आणि मग त्यांनी ते सांगितलं जे मला आधी कळायला हवं होतं.

पहिल्या ऑपरेशननंतर निम्मं पालम त्यांना भेटायला येऊन गेलं होतं. भेटायला येणं हा आमच्याकडचा दुसरा आजार आहे. येणारी बाई बिस्किटाचा पुडा ठेवते, आधी थोडं रडते, मग चहा घेते, मग आपल्या नात्यात कुणाला हेच झालं होतं ते सांगते आणि ती कशी गेली ते तपशिलात सांगते. उठताना म्हणते, काळजी करू नको. आणि बाहेर चप्पल घालताना दुसरीला विचारते, पण बसवून कामून घेतलं म्हणं, कशासाठी? हे चपलेजवळचं बोलणं खिडकीतून आत येतं. मीनाबाईंच्या दोन्ही पोरींनी ते ऐकलं होतं.

"मरायचं तर मरीन मी, सिस्टर," मीनाबाई म्हणाल्या. "पण लोक म्हणतील, हिला हौस नडली. आणि पोरी जन्मभर तेच ऐकतील."

त्या पूर्ण चूक बोलत असत्या तर मी भांडले असते, पण लोक तसंच म्हणाले असते हे मलाही माहीत होतं.

भिंतीला टेकलेल्या गयाबाई तेव्हा पुढे आल्या.

"लोकांचं मला नको सांगू. हौस म्हनून पैली मीच बोलले. आता मीच म्हनते, चल. तू येत नसशील तर मी जाते, अन् डागदरला म्हनते, सुई माझ्यात टोच."

मीनाबाई म्हणाल्या, "तुमच्यात टोचून माझं कसं कळंल, आत्याबाई?"

"न्हाई कळलं तर न्हाई कळू दे. तू गाठ घेऊन बस, मी टोचून घेऊन बसते. दोघी बसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी परभणीच्या एसटीत बसलो. घरी सांगितलं होतं, दिवाळीच्या खरेदीला जातोय. गयाबाईंना खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे त्यांनी ते गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितलं. कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, गंगाखेडला शेंगा विकायला चढलेल्या माणसालाही सांगितलं. कुणीही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात बराच वेळ बसावं लागलं. गयाबाई म्हणाल्या, खरेदी म्हणलोय तर काहीतरी न्यावं लागंल, आणि बाहेर गेल्या. पण लांब जायला त्यांचं मन होईना, म्हणून रस्त्यावरच्या पहिल्याच दुकानातून एक मोठा आकाशकंदील घेऊन परत आल्या. सगळे पेशंट तोंड लांब करून बसलेले आणि मध्ये ही म्हातारी मांडीवर तांबडा-पिवळा कंदील धरून. नर्सनं विचारलं, पेशंट कोण? गयाबाई म्हणाल्या, आम्ही खरेदीला आलोय.

आत डॉक्टर एक तरुण मुलगी होती, हळू हाताची. तिनं भाजलेला भाग सोडून बाजूनं मशीन फिरवलं, मग म्हणाली, थोडं टोचेल, हलू नका. मीनाबाईंनी डोळे गच्च मिटले आणि माझा हात असा दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या. बराच वेळ गेला. मग त्या दात आवळून म्हणाल्या, "टोचा की हो एकदाचं."

डॉक्टर म्हणाली, "झालं पण."

मीनाबाईंनी डोळे उघडले. ट्रेमधली सुई बघितली, आपल्या छातीकडे बघितलं, आणि हसायला लागल्या. "पहिल्यांदा कामाला आलं बघा हे मुकं," म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले. नोकरीत असताना मी पेशंटसमोर रडत नव्हते, निवृत्त बाईला चालतं.

रिपोर्ट यायला काही दिवस होते. रोज सकाळी मी ड्रेसिंगला जायची. गयाबाई गरम पाणी आणून ठेवायच्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहायच्या. पट्टी सुटल्याचा आवाज आला की त्यांचे खांदे आखडायचे. एकदाही त्यांनी वळून बघितलं नाही. मी निघाले की दोघी फराळाचं तळायला बसायच्या. शेव झाली, चिवडा झाला, चकल्या झाल्या, अनारसे झाले, मग पुन्हा शेव झाली. काळजी करायला बसलेल्या बाया एवढं तळतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी मीनाबाईंना बजावलं, तळा हवं तेवढं, पण खाऊ नका, सगळं वर जाईल.

नवऱ्याला भाजल्याचं सांगितलं होतं, गाठीचं नाही. बिचारा बेसन संपलं की न विचारता आणून ठेवायचा, तेल संपलं की तेल. हा माणूस एवढा भोळा कसा, असं मला वाटायचं. तो भोळा नव्हता. त्याला पहिल्याच दिवशी कंडक्टर भेटला होता आणि म्हणाला होता, तुमच्या मातोश्री खरेदीला चाललोय असं फारच सांगत होत्या, घरी सगळं ठीक आहे ना? त्यानं काय ते ओळखलं, आणि बायको सांगेल तेव्हा सांगेल म्हणून रोज बेसन आणत राहिला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, दुकानात, पोत्यांकडे तोंड करून.

रिपोर्टला आम्ही तिघीच गेलो. डॉक्टरनं कागद वाचला आणि म्हणाली, कॅन्सर नाही. चरबी सुकून झालेली गाठ आहे, राहिली तरी चालेल, फक्त लक्ष ठेवा. मीनाबाई खुर्चीत मागे टेकल्या. गयाबाईंनी मात्र पुढे सरकून नीट चौकशी केली.

"म्हंजी पोटाचीच हाय का?"

"हो, पोटाचीच चरबी."

"मंग शेकानं इरली असती का न्हाई?"

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं.

भाजलेलं भरायला वेळ लागला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तेव्हा कुठे पट्टी सुटली. गाठ अजून आहे. मीनाबाई ती हातानं तपासत असतात आणि कधीतरी शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन म्हणतात, बघा बरं, तेवढीच आहे ना. मी बघते आणि म्हणते, तेवढीच आहे. त्यांची धास्ती पूर्ण गेली नाही आणि ती जाईल असं खोटं मी त्यांना सांगत नाही.

पंजाचा डाग मात्र राहिला, फिकट, बोटं पसरलेला. पुढच्या तपासणीला शहरातले सर्जन तो बघून म्हणाले, हे छोटं काम आहे, भूल देऊन अर्ध्या तासात पुसून टाकतो. मीनाबाई म्हणाल्या, "राहू द्या, डॉक्टर. बाकीच्या सगळ्या खुणा तुमच्या. ही एकच घरची आहे."

हे मला सांगितलं गयाबाईंनी. मलाच काय, सगळ्या गल्लीला सांगितलं. ज्या गोष्टीसाठी आम्ही एसटीत बसून खोटं बोललो ती त्या आता पाणी भरताना, पापड लाटताना, भेटायला आलेल्या प्रत्येकीला सांगतात. हौस कामून केली असं कुणी चपला घालताना पुटपुटलं तर तिला परत आत बोलावून सांगतात. त्या अवयवाचं नाव मात्र त्या अजूनही घेत नाहीत. बोलता बोलता तिथवर आल्या की थांबतात, आपला उजवा पंजा पसरतात, स्वतःच्या छातीवर दाबून धरतात आणि म्हणतात, "हितं. हितं तिच्या अंगावर माझा हात हाय."